केबल बदलून कंबर वाचत नाही

सीटचं काम झालंय, आता कुठेही जा, असं सांगून गाडी माझ्या ताब्यात दिली गेली, आणि डोंगरातल्या उखडलेल्या रस्त्यावर ड्रायव्हर सीटचा कमरेचा आधार पुन्हा गेला. याआधीही तो गेला होता, दुरुस्त झाला होता, परत गेला होता, परत दुरुस्त झाला होता. प्रत्येक वेळी नवी केबल, नवी मजुरी आणि तेच आश्वासन. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः सीटचा आहे. वाटेत दऱ्या होत्या, नदी होती, ढग होते, ते तुम्ही जाल तेव्हा बघालच. ज्यांच्या गाडीत हाच प्रकार चालू आहे त्यांनी निघण्याआधी काय तपासावं आणि वाटेत आधार गेलाच तर उरलेला रस्ता कसा काढावा, ते सांगते. लांबचं ड्रायव्हिंग तुम्हाला सवयीचं आहे आणि गाडीत पाने, पक्कड, टॉर्च आहे, असं धरून चालले आहे.

आधी सीटच्या पोटात काय असतं ते. पाठीच्या लोखंडी चौकटीत तारेची जाळी हुकांवर किंवा छोट्या स्प्रिंगांवर ताणून बसवलेली असते. तिच्यावर फोम, फोमवर कापड. आपल्या पाठीचा भार ही जाळी घेते. कमरेपाशी जाळीला लागून एक लवचीक पट्टी असते. बाजूचा नॉब फिरवला की केबल ताणली जाते, पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि फोम पुढे येतो. केबलचं टोक एका प्लॅस्टिकच्या खाचेत अडकवलेलं असतं. माझ्या गाडीत ही खाचच दर वेळी फुटत होती. काही गाड्यांत केबल मोटरने ओढली जाते. काहींत केबलच्या जागी हवेची पिशवी आणि पंप असतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

सुरुवातीचे दिवस छान गेले. मोठा रस्ता, गाडी एका वेगात, धाकटा भाऊ आणि मी आलटून पालटून चालवत होतो. लिहिण्यासारखं काही नाही.

मग तो पट्टा आला. डांबर संपतं आणि खडी-मुरुमाचा रस्ता सुरू होतो. अवजड गाड्यांनी त्याचा पन्हाळी पत्रा करून टाकलाय, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडव्या लाटा. मोठे खड्डे दिसतात, चुकवता येतात. या लाटा चुकवता येत नाहीत. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या वर-खाली कंपनांना सगळ्यांत जास्त साथ देतं, आणि सीटची पाठ ढिली असली की मधला सगळा भार कमरेच्या स्नायूंवर येतो. चढाला लागण्याआधीच मागे 'टक्' असा आवाज आला. नॉब हातात मोकळा फिरायला लागला आणि कमरेमागे पोकळी झाली. त्यानंतरचा घाट मी स्टिअरिंगला लटकून चढले. उजव्या पायाला सतत ब्रेक-ॲक्सिलरेटर, डावा पाय टेकायला नीट जागा नाही, आणि ओटीपोट आत घेऊन बसायचं. घाटमाथ्यावर उतरले तेव्हा सरळ उभं राहायला दाराचा आधार घ्यावा लागला. पुढे गाडी भावाने चालवायला घेतली, पण तो माझ्यापेक्षा बराच उंच आहे, त्याला ती पोकळी आणखी खालच्या मणक्यांपाशी लागत होती. अर्ध्या तासात तोही उतरला.

हा पट्टा दुसऱ्या दिवशी परतताना पुन्हा करायचा, या विचारानेच रात्री झोप आली नाही. ज्यांना हा रस्ता 'थोडा खराब आहे' असं सांगितलं जाईल, त्यांनी सांगणाऱ्याला आधी विचारावं की तू तो चालवलायस की शेजारी बसून आलायस. सीट धड असेल तर तो रस्ता कंटाळवाणा आहे, बस्स. सीट बिघडलेली असेल तर जाऊच नका.

खालच्या गावात सीटची कव्हरं शिवणारा एक म्हातारा कारागीर भेटला. त्याने नॉबला हातही लावला नाही. सीट पूर्ण पुढे घेतली, पाठ पुढे झुकवली, मागचं कव्हर खालून सोडवलं आणि भावाला सीटवर बसून पाठ जोरात रेटायला सांगितलं. स्वतः मागून टॉर्च धरून बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, केबल आपणहून तुटत नाहीये. तिला तोडलं जातंय." जाळीचा दाराकडचा खालचा हूक चौकटीवरून निसटला होता. भार पडला की जाळी एका बाजूला कलायची आणि एरवी जाळीने घ्यायचा भार पट्टीवरून थेट केबलच्या टोकावर यायचा. सपाट रस्त्यावर प्लॅस्टिकची खाच ते सोसायची. धक्के सुरू झाले की फुटायची. त्यात नवी केबल घातली काय आणि सोन्याची घातली काय, तिचंही तेच होणार.

हूक जागेवर बसवायला त्याला पक्कड आणि थोडा वेळ लागला. चौकटीची कड जिथे घासून धारदार झाली होती ती कानशीने मोडली, हुकाला प्लॅस्टिकची नळी चढवली. केबलची खाच त्याच्याकडे नव्हती, म्हणून पट्टी मधल्या वाकावर ठेवून तारेने घट्ट बांधली. नॉब निकामी, पण आधार पक्का. त्याने घेतलेले पैसे आधीच्या कुठल्याही बिलाच्या जवळपासही जात नव्हते.

आणि त्या आधीच्या बिलांबद्दल मला राग आहे, तो लपवणार नाही. शेवटच्या बिलात 'पाठीचा फोम बदलला' अशी ओळ होती आणि तीच सगळ्यांत मोठी रक्कम होती. म्हाताऱ्याने कव्हर उघडलं तेव्हा आत जुनाच फोम होता, तारेच्या जाळीचे वर्षानुवर्षांचे वळ त्यावर स्पष्ट उमटलेले. फोम बदललाही असता तरी उपयोग शून्य होता, कारण मागे जाळीच लोंबत होती. म्हणून सांगते: मागचं कव्हर उघडून, सीटवर माणूस बसवून, भाराखाली जाळी बघितल्याशिवाय कुणालाही फोमला हात लावू देऊ नका. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा. 'अख्खी पाठ बदलावी लागेल' असं कुणी म्हणालं तर नेमकं काय तुटलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर गाडी घेऊन निघा.

एकच भाग पुन्हा पुन्हा तुटत असेल तर बिघाड बहुतेक वेळा त्याच्या शेजारी असतो. शेजारी काय काय बघायचं? जाळीचे सगळे हूक आणि स्प्रिंगा, तारांचे वाकाजवळचे भाग, कारण तार थकते ती वाकापाशी. सीटच्या मागचा खिसा. त्यात बाटल्या आणि जाड पुस्तकं कोंबली की ती मागून जाळीवर दाबतात. मागे बसणाऱ्याचे गुडघे. केबल कुठे करकचून वळलीय का, सीट मागे-पुढे होताना रुळात चिमटते का. आणि नॉब शेवटपर्यंत पिळून ठेवायची सवय. आम्ही दोघं चालवणारे, म्हणून दर अदलाबदलीला नॉब या टोकाकडून त्या टोकाला जायचा. मधल्या वाकावर जो आधार मिळतो तोच बहुतेकांना पुरतो.

हवेच्या पिशवीची सीट असेल तर कान लावून बऱ्याच गोष्टी कळतात. बटण दाबलं आणि पंपाचा आवाजच नाही: फ्यूज, बटण, वायरिंग किंवा पंप. आवाज येतो पण काही फुगत नाही: नळी निसटलेली किंवा पिशवी फाटलेली. फुगतं आणि अर्ध्या-पाऊण तासात विरतं: बारीक गळती, पिशवीत, नळीच्या सांध्यात किंवा व्हॉल्व्हमध्ये. इथेही नवी पिशवी लगेच जात असेल तर ती कुठल्या तारेच्या टोकावर घासतेय ते शोधलंच पाहिजे.

आता जे घरी करू नये ते. सीटच्या दाराकडच्या बाजूवर एअरबॅगची खूण असेल तर त्या बाजूचं शिवण, क्लिपा, वायरी यांना हात लावू नका. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग आणि बेल्टच्या यंत्रणेचे असतात. सीट काढायची वेळ आली तर बॅटरी सोडून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून, आणि ते काम जाणणाऱ्याकडूनच.

दुसरं, कमरेचा आधार गेला तर त्रास होतो, पण पाठीचा सांधा, म्हणजे रिक्लायनर, ढिला झाला तर जीव जातो. ओळखायची रीत सोपी आहे: गाडी उभी असताना पाठीचा वरचा भाग धरून पुढे-मागे हलवा. खटखट करत हलली, किंवा एक बाजू हलते आणि दुसरी नाही, तर ती गाडी चालवू नका. मागून धडक बसली की सगळा भार त्या सांध्यावर येतो. वाहनांच्या सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १७ मध्ये सीटच्या पाठीने ५३० न्यूटन-मीटर आघूर्ण, म्हणजे पाठ मागे वळवू पाहणारा जोर, सोसावं अशी अट आहे, म्हणजे तो भार किती मानला जातो ते बघा. तिथे वेल्डिंगही करून घेऊ नका. आजकालच्या चौकटी उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात, वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू कमजोर होतो आणि वरून जोड मजबूत दिसत राहतो.

आडबाजूला आधार गेलाच तर टॉवेल. गुंडाळी अशी की टेकल्यावर दबून दोन-तीन बोटं जाडी उरेल. जागा पँटच्या पट्ट्याच्या रेषेवर किंवा जरा वर. बरगड्यांमागे ठेवाल तर कंबर आणखी गोल होईल. गुंडाळी सरकते, म्हणून दोन दोऱ्या बांधून हेडरेस्टच्या दांड्यांना मधोमध टांगा. सीटभोवती आडवा पट्टा आवळू नका, तो एअरबॅगवरून जातो. जाड उश्या घेऊ नका. शरीर पुढे येतं, डोकं हेडरेस्टपासून लांब जातं आणि बेल्ट ओटीपोटावर चढतो. बेल्टची खालची पट्टी ओटीपोटाखाली, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवरच हवी. मागच्या खिशातलं पाकीट काढा.

टॉवेल लावल्यावर सगळी बैठक पुन्हा लावा, आरसेसुद्धा. पाठ काटकोनाहून थोडी मागे कलती, साधारण १०० ते ११० अंश. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये अँडरसन, नाचेमसन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसलेल्या माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला होता. पाठ मागे कलल्यावर आणि कमरेला आधार दिल्यावर तो कमी होत गेला. खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर सीट पुढे घ्या, स्वतः वाकू नका.

दर दीड-दोन तासांनी थांबा, आधार गेलेला असेल तर तासाने. उतरल्यावर लगेच डिकीतून जड बॅगा काढू नका. बराच वेळ वाकून बसल्यावर कमरेचे बंध सैल पडलेले असतात. आधी काही मिनिटं चाला, कमरेवर हात ठेवून मागे वाका, मग सामान. मी दमलेली होते आणि बॅग भावाने उचलली, तेच बरं झालं. पायाला मुंग्या येऊन पाऊल नीट उचलत नसेल तर ड्रायव्हिंग तिथेच बंद करा. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागेवर बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सगळं सोडून थेट दवाखाना.

परतताना आम्ही तोच पट्टा त्याच सीटवर पार केला, तारेने बांधलेल्या आधाराने, आणि तो तसूभर हलला नाही. माझा आनंद मावत नव्हता, घाट उतरताना मी चक्क गात होते. त्या आनंदात सगळ्यांना 'बांधून टाका' असं सांगावंसं वाटतं, पण तारेची गाठ घरी पोचेपर्यंतच. नंतर खाच आणि केबल नवीन घातली, या वेळी जाळी शाबूत असताना. तुमची दुरुस्ती झाली की लांबच्या प्रवासाआधी गावाबाहेरच्या सगळ्यांत वाईट रस्त्यावर तासभर गाडी चालवा आणि लगेच टॉर्च घेऊन मागून जाळीचे हूक बघा. एक जरी सरकलेला दिसला तर खडीच्या फाट्याला वळू नका, मोठ्या रस्त्याने फेरा पडला तरी तिकडूनच जा.