‘हॉचपॉच’चे मूळ

सरमिसळ या अर्थाचा इंग्रजी ‘हॉचपॉच’ हा शब्द ‘हलवणे’ आणि ‘भांडे’ या अर्थांच्या जुन्या फ्रेंच शब्दांपासून आला. त्याचे मूळ रूप ‘हॉचपॉट’. मला त्याचा कायद्यातील प्रवास अधिक मोलाचा वाटतो. लग्नात जमीन मिळालेल्या मुलीला वडिलांच्या उरलेल्या जमिनीत वाटा हवा असेल, तर आधीची जमीन ‘हॉचपॉट’मध्ये, म्हणजे एकत्र हिशेबात, मिसळावी, असा इंग्लंडमधील जुना नियम होता. आपल्याकडे हिंदू कायद्यात हाच शब्द एकत्र कुटुंबाच्या सामाईक मालमत्तेसाठी स्थिरावला. उदाहरणार्थ, कोकणात मुंबईच्या कमाईतून एका भावाने घेतलेली हापूसची बाग, स्वतंत्र हक्क सोडण्याचा स्पष्ट हेतू सिद्ध झाल्याशिवाय, केवळ सर्वांनी मिळून आंबे काढले म्हणून सामाईक ‘हॉचपॉट’मध्ये गेली असे न्यायालय मानत नाही.