नागपूर-कोंढाळी-काटोल-वरुड : वळवामागची फेरी आणि '१०० वॉट'चा चार्जर

निकाल आधीच सांगतो. वादळामागे गाडी घेऊन जायचं म्हणून लॅपटॉप घेत असाल, तर प्रोसेसरवर जास्तीचे पाचशे रुपयेही घालू नका. पैसा दोनच ठिकाणी घाला : स्क्रीनचा उजेड आणि गाडीतलं चार्जिंग. एप्रिलमधल्या या फेरीत मशीन ठणठणीत होतं, तरी काटोलच्या अलीकडे, समोर गारांचा ढग फुगत असताना ते बंद पडलं. कारण एक कार चार्जर.

खोक्यावर ठसठशीत '१०० वॉट'. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात १,४०० रुपये मोजले. तीन पोर्ट, तिघांची बेरीज करून शंभर. टाइप-सी पोर्टखाली मुंगीएवढ्या अक्षरांत १८ वॉट, क्यूसी ३.० (क्विक चार्ज, म्हणजे फोन झटपट भरायची पद्धत). लॅपटॉपला सी-पोर्टमधून २० व्होल्ट लागतात आणि ते पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जरच देतो. क्यूसीवाला फोन भरतो, लॅपटॉपकडे ढुंकूनही बघत नाही. बॅटरीच्या चिन्हावर प्लग कधी दिसायचा, कधी जायचा. टक्के मात्र उतरतच होते.

म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा वाचूच नका. चार्जरच्या अंगावर 'आउटपुट'ची ओळ शोधा. एकाच पोर्टसमोर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असं छापलेलं हवं, म्हणजे ६५ वॉट. ही ओळ नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, खाली ठेवा. केबलही बघा : साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच नेते, म्हणजे ६० वॉट. तेवढ्यात काम भागतं, पण पूर्ण ६५ हवे असतील तर ५ अँपिअरची, ई-मार्करवाली (आत क्षमता सांगणारी चिप असलेली) केबल घ्या. आणि चाचणी दुकानासमोर गाडीतच करा, लॅपटॉपची बॅटरी पन्नास टक्क्यांच्या आसपास असताना. भरलेली बॅटरी वीज ओढतच नाही, मग कुठलाही चार्जर पास होतो. चाचणी चालू असताना दुसऱ्या पोर्टला फोन लावा. बऱ्याच चार्जरमध्ये फोन लागताच लॅपटॉपचे ६५ चे ४५ होतात, काहींत क्षणभर सगळंच तुटतं.

इन्व्हर्टरच्या नादी लागू नका. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि ॲडॅप्टरने पुन्हा २० करायचे, यात वीज जाते आणि पंख्याची घरघर वेगळी. ६५ वॉटचा चार्जर सॉकेटमधून साधारण ६ अँपिअर ओढतो. सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो, तरी मॅन्युअल बघून एक जादा फ्यूज खिशात ठेवा. इग्निशन बंद केलं की अनेक गाड्यांत सॉकेटही मरतं. ढग बघायला थांबलात की चार्जिंग थांबलं, हे धरूनच हिशोब करा.

हिशोब असा. लेनोवोचा जुना लॅपटॉप थिंकपॅड टी४८०, आत २४ वॉट-तासांची बॅटरी आणि मागे काढता येणारी तेवढीच. नव्या असताना ४८. वापरलेल्या मशीनमध्ये सत्तर टक्के उरली तर ३३-३४. स्क्रीन पूर्ण उजेडावर आणि ब्राउझरमध्ये पाऊस दाखवणारे रडार-नकाशे उघडे असले की १२ वॉट सहज जातात. म्हणजे पावणेतीन तास. दुपारी दोनला नागपूरलगतच्या वाडीहून निघालात तर पाचच्या आत संपली, आणि विदर्भातला वळीव नेमका तीन ते सातच्या दरम्यान रंगतो. मागची बॅटरी ७२ वॉट-तासांचीही मिळते आणि मशीन चालू असताना बदलता येते. या कामासाठी हे मॉडेल घ्यायचं ते एवढ्यासाठीच.

जुनं मशीन २० ते २५ हजारांत मिळतं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, बस. फिरती हार्डडिस्क असेल तर फुकटही नको, खड्ड्यांत टिकत नाही. दुकानात कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. जी फाइल तयार होते ती उघडा, त्यात 'डिझाइन' आणि 'फुल चार्ज' क्षमता दिसतील. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे, तिथूनच परत फिरा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून पासवर्ड मागतो का तेही बघा, कंपन्यांनी वापरून विकलेल्या मशीनवर हमखास सापडतो. 'विंडोज ॲक्टिव्हेशन'चे वेगळे हजार रुपये मागितले तर देऊ नका. या मशीनांत बहुधा मूळ लायसन्स बोर्डातच असतं, नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

स्क्रीन मॅटच (न चमकणारी) हवी. जुन्या मशीनांत २५० निट्सचे (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) पॅनल भरपूर फिरतात. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली छान दिसतात. काटोल रोडच्या दुपारच्या उन्हात रडारवरचा पिवळा आणि लाल रंग वेगळा कळत नाही, आणि तोच तर कळायला हवा. ३०० च्या खाली घेऊ नका, ४०० मिळाले तर हजार-दोन हजार जास्त द्या. पायऱ्यांवर, उन्हात नेऊन बघू देत नसेल तर दुसरं दुकान.

रडारवर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवा : ०८:४२ म्हणजे दुपारचे २:१२. चित्र दहा मिनिटं जुनं असेल आणि ढग ताशी ४५ किलोमीटरने सरकत असेल, तर तो स्क्रीनवर दिसतो त्याच्या साडेसात किलोमीटर पुढे आहे. मार्च-एप्रिलमध्ये वरचे वारे पश्चिमेचे, म्हणून तो बहुधा पूर्वेकडे. नागपूरचं रडार स्वतःच्या डोक्यावरचं नीट पाहू शकत नाही, त्यामुळे शहरावरच्या ढगाचा माथा त्यात शोधू नका.

कोंढाळी-काटोल हा तुकडा सगळ्यात वाईट. डेटा येत-जात होता, वीस मिनिटं जुनं चित्र, त्यात बॅटरी संपलेली. वायफाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग करा (फोनचं नेट लॅपटॉपला द्या), फोनही त्यातून भरत राहतो (आणि लॅपटॉपची बॅटरी खातो, तेही धरा). दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं हवीतच. कोंढाळी सोडण्याआधी नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. समृद्धीवरून मात्र जाऊ नका : वेग मिळतो, पण मध्येच वळता येत नाही, थांबायला मनाई, आणि ढग डावीकडे सरकला की पुढच्या इंटरचेंजपर्यंत हात चोळत बसायचं.

यूएसबीचा जीपीएस लावलात आणि कर्सर वेड्यासारखा उड्या मारू लागला, तर व्हायरस नाही. विंडोज त्याला सीरियल माउस समजतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बॉलपॉइंट' नावाचा माउस दिसेल, तो डिसेबल करा. घरीच करून ठेवा; वाटेत कर्सर पकडून तेवढं करायचं म्हणजे वीतभर आयुष्य जातं.

उष्णतेचं एकच : बहुतेक लॅपटॉपांची कामाची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते, नागपूरचा एप्रिल ती केव्हाच ओलांडतो. डॅशबोर्डवर ठेवू नका. ऊन लागतं आणि पुढे एअरबॅग असते. शेजारच्याच्या मांडीवर, खाली लाकडी पाटी, एसीचा झोत तिकडे. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. चहाला थांबलात तर मशीन सोबत न्या, बंद गाडीत ठेवू नका. गारा सुरू झाल्यावर काच खाली करून फोटो काढायचाच असेल तर आधी लॅपटॉप जाड पॉलिथिनमध्ये घाला.

वरुडपर्यंत आणि तिथून परत, रस्ता बरा, आभाळ मोकळं. लिहिण्यासारखं काही नाही. चार्जर दुकानदाराने परत घेतला नाही. तो आता मागच्या सीटच्या सॉकेटला फोनसाठी लावून ठेवला आहे. १८ वॉट तो इमानदारीत देतो.