उलथण्याची खूण आणि वडिलांचा प्रश्न

जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ती म्हणून माझे बहुतेक दिवस भेटींपेक्षा कागदांतच जातात. गेल्या हंगामातील एका प्रकरणाचे कागद पूर्ण झाले, मुलांच्या संरक्षणाबाबत निर्णय देणाऱ्या बालकल्याण समितीचा आदेशही झाला, तरी ते माझ्या मनातून गेलेले नाही. मुलीची ओळख पटू शकेल असे काही उघड करण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे गाव, वय आणि नाव मी लिहीत नाही.

१०९८ या मुलांच्या मदतीसाठीच्या क्रमांकावर फोन आला तो शाळेतील एका बाईंचा. मुलीचे आईवडील ऊसतोडीसाठी कर्नाटकात गेले होते आणि ती धाकट्या भावासह चुलत्याच्या घरी राहत होती. तिच्या दंडावर भाजल्याची खूण होती. चहा सांडल्याचे चुलतीने सांगितले. सांडलेल्या गरम पदार्थाने भाजले तर खूण ओघळासारखी वेडीवाकडी असते आणि खाली जाताना बहुधा फिकी पडते. येथे मात्र कडा सरळ होत्या आणि उलथण्याच्या पात्याचा कोपरासुद्धा ओळखू येत होता. वैद्यकीय दाखल्यात ‘भाजल्याची साधी दुखापत’ एवढेच लिहिलेले पाहून मी डॉक्टरांना खुणेची मापे आणि आकृती नोंदवायला लावली. या बाबतीत मी हट्टी आहे, कारण खूण पुसट झाली की समितीसमोर केवळ मोठ्यांचे शब्द उरतात.

मी पोहोचण्यापूर्वीच एका हवालदारांनी चुलतीच्या देखतच मुलीला “काकूने मारले का?” असे विचारून घेतले होते, आणि तिने अर्थातच नाही म्हटले होते. घरातलेच माणूस आहे, समज देऊन मिटवू, असा त्यांचा सल्ला होता. मी तिला शाळेत वेगळे बसवून, त्या दिवशी भाकरी कोणी केल्या, येथून सुरुवात केली. भाकरी करपल्याचे तिने स्वतः सांगितले आणि मग “काकूनं उलथनं लावलं” हे वाक्य आले. अहवालात मी ते तिच्याच शब्दांत ठेवले.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. त्याच कायद्याच्या तत्त्वांनुसार आधी कुटुंबाचा विचार करायचा आणि संस्था हा शेवटचा पर्याय. पण हिचे कुटुंब उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत होते. वडिलांनी फोनवर स्पष्ट सांगितले, “मॅडम, तक्रार नको. पुढल्या साली पोरं कुणापाशी ठेवू?” दोघांच्या कोयत्यावर, म्हणजे जोडीने करायच्या ऊसतोडीवर, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असल्याने हंगाम सोडून येणे त्यांना शक्य नव्हते. अशा मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत. त्या गावातील वसतिगृह डिसेंबर उजाडला तरी सुरू झाले नव्हते, आणि त्याबद्दल कोणालाही जाब विचारला गेला नाही. दोन पोरांच्या खाण्याचा खर्च कोण देतो, असे चुलतीने मला विचारले. प्रश्न खोटा नव्हता, म्हणून मी तो अहवालात लिहिला, परंतु कृत्याचे वर्णन त्यामुळे सौम्य केले नाही.

समितीने मुलीला बालगृहात ठेवले, भावाला आजोळी पाठवले आणि कलम ७५ खाली कारवाईसाठी पोलिसांना कळवले. या कलमान्वये मुलाचा प्रत्यक्ष ताबा असलेल्या व्यक्तीने केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बालगृहाच्या दारात मुलीने मला एकच विचारले, भाऊ कधी येणार.

हंगाम संपल्यावर आईवडील आले आणि समितीने मुले त्यांच्या स्वाधीन केली. मुलीला पुन्हा चुलतीकडे ठेवणार नाही, असे हमीपत्र वडिलांनी सही करून दिले. तिला कोठे ठेवणार, हे त्यात कोणी लिहून घेतले नाही. यंदाचीही उचल त्यांनी घेतल्याचे शाळेच्या बाईंकडून कळले. शासकीय वसतिगृहासाठी दोन्ही मुलांचे अर्ज मी भरून दिले असून, प्रवेशयादी अद्याप लागलेली नाही.