गाणं मालिकेत वाजलं, पैसे ‘केअर ऑफ’मध्ये अडकले

आमच्या बँडचं एक इंग्रजी गाणं अमेरिकेतल्या एका मालिकेत वाजलं आणि पुढे त्या मालिकेच्या साउंडट्रॅक अल्बममध्येही आलं. हे कळलं की पुण्यातली बँडवाली पोरं एकच विचारतात, “ओळख कुणाची होती?” ओळख कुणाचीच नव्हती. आणि गाणं पोचवणं हा या सगळ्यातला सोपा भाग होता. खरा घाम काढला एका पानाच्या फॉर्मनं. त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून लिहितोय.

गाणं कसं गेलं ते आधी उरकतो. लॉस एंजेलिसमध्ये स्वतंत्र बँडांची गाणी मालिकांच्या म्युझिक सुपरवायझरांपर्यंत, म्हणजे मालिकेसाठी गाणी निवडणाऱ्यांपर्यंत, नेणाऱ्या छोट्या एजन्सी असतात. त्यांतल्या एकीला लिंक पाठवली, त्यांनी गाणं ठेवून घेतलं. मग बराच काळ काहीच नाही आणि एके रात्री मेल: ‘इन्स्ट्रुमेंटल मिक्स आहे का? आत्ता हवाय.’ होता. (गाणं मिक्स होतानाच गायनाशिवायची प्रत काढून ठेवा. संवादाखाली तीच लागते.)

आमच्या वयाच्या लोकांना हा रस्ता दिसला तो ‘द ओ.सी.’मुळे. २००३ साली फॉक्सवर सुरू झालेली, कॅलिफोर्नियातल्या श्रीमंत वस्तीतली मालिका. गोष्ट यथातथाच, पण अलेक्झांड्रा पात्सावास या सुपरवायझरबाईंनी लावलेली गाणी ऐकून आम्ही गिटार हातात घेतली. शीर्षकगीत फँटम प्लॅनेटचं. मालिकेतला सेथ कोहेन डेथ कॅब फॉर क्युटी या बँडचा भक्त. दुसऱ्या सीझनला तर ‘बेट शॉप’ नावाचा क्लबच कथेत आणला, म्हणजे द किलर्स, मॉडेस्ट माउस यांना थेट पडद्यावर वाजवता यावं. २००४पासून या मालिकेचे सहा मिक्स अल्बम निघाले, सहावा निव्वळ कव्हर्सचा, म्हणजे जुनीच गाणी दुसऱ्यांनी गायलेली. नंतर याच बाईंनी ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची गाणी निवडली.

टीव्हीवाल्यांना आमच्यासारखे बँड का चालतात, याचं उत्तर मात्र अजिबात रोमँटिक नाही. एका गाण्यात दोन हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल, दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. मोठ्या गाण्याला रचनेचे हक्क सांभाळणारे तीन-चार पब्लिशर आणि रेकॉर्डिंगचं मालक असलेलं एक लेबल असतं, आणि सगळ्यांचा होकार आल्याशिवाय गाणं लावता येत नाही. आमचं सगळं आमच्याचकडे. एकाने सही केली की काम झालं. याला तिथे ‘वन-स्टॉप’ म्हणतात, आणि ते ऐकलं की सुपरवायझरच्या जिवात जीव येतो. शिवाय आम्ही स्वस्त.

करार आला, वाचला, सही केली. फीचे दोन समान भाग, रचनेला एक आणि रेकॉर्डिंगला एक. इथवर सगळं लोण्यासारखं. मग पैसे देणाऱ्या कंपनीच्या पोर्टलची लिंक आली.

तिथे डब्ल्यू-८बेन हा अमेरिकन कर खात्याचा फॉर्म भरायचा असतो. अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीला रॉयल्टी देताना तिथे ३० टक्के कर कापतात. भारत आणि अमेरिकेच्या करविषयक करारातल्या बाराव्या कलमानुसार गाण्याच्या रॉयल्टीवर १५ टक्केच कापता येतो, पण ती सवलत हा फॉर्म देऊन मागावी लागते. नाव, देश, पत्ता, पॅन, जन्मतारीख, कराराचं कलम, सही. एवढंच. पॅन सहाव्या ओळीत जातो. पाचवी ओळ अमेरिकन नंबराची आहे, ती कोरी सोडा. जन्मतारखेत महिना आधी, दिवस नंतर.

तिसऱ्या ओळीत कायमचा पत्ता. त्याखाली स्पष्ट लिहिलंय की पोस्टाचा बॉक्स किंवा ‘केअर ऑफ’ पत्ता चालणार नाही. आणि पोर्टलला पत्त्याचा पुरावा म्हणून भारतासाठी एकच पर्याय होता, राष्ट्रीय ओळखपत्र. म्हणजे आधार. माझ्या आधारवर पत्त्याची सुरुवातच ‘सी/ओ’ने होते, पुढे वडिलांचं नाव. तुमच्याही घरात निम्म्या लोकांचं तसंच असेल, बघा काढून.

‘सी/ओ’ गाळून पत्ता भरला. उत्तर: पत्ता पुराव्याशी जुळत नाही. ‘सी/ओ’सकट भरला. उत्तर: केअर ऑफ पत्ता स्वीकारला जात नाही. मी मदतकेंद्राला लिहिलं की हे वडिलांचं नाव आहे, मी त्यांच्याच घरात राहतो, कुणा तिसऱ्याच्या पत्त्यावर पत्रं मागवत नाही. ‘तुमच्या संयमाबद्दल आभार,’ असं उत्तर आलं आणि खाली तीच सूचना चिकटवलेली. दर वेळी सहीखाली नाव वेगळं, मजकूर तोच. त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा आपली जेवणं उरकलेली असतात, त्यामुळे एका प्रश्नाला एक रात्र जायची.

मध्येच त्यांना नावाचीही शंका आली. पॅनवर माझं नाव, वडिलांचं, मग आडनाव. बँकेत मात्र शाळेच्या दाखल्याप्रमाणे आडनाव पहिलं. पोर्टलच्या मते ही दोन वेगळी माणसं होती. महाराष्ट्रात शाळेत हजेरी घेताना आडनाव आधी पुकारतात, हे मदतकेंद्रातल्या मुलीला इंग्रजीत समजावून सांगणारा मेल मी खरोखर लिहिला. चांगला जमला होता. उत्तर आलं, ‘तुमच्या संयमाबद्दल आभार.’

ड्रमर म्हणाला, “जाऊ दे ना, ३० टक्के कापू देत.” त्याचं काय जातं! मुळात फॉर्म मंजूर झाल्याशिवाय पोर्टल पुढेच सरकत नव्हतं, ३० टक्के कापून घेण्याचीसुद्धा सोय नव्हती. तोवर तो एपिसोड प्रसारित झाला. मामेबहीण न्यू जर्सीला असते, तिने टीव्हीचा व्हिडिओ काढून पाठवला. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये दोघं भांडतायत आणि मागे आमचं गाणं. आईने तो सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवला. जो तो विचारायचा, “किती मिळाले?”

शेवटी एका रविवारी अमेरिकन कर खात्याच्या साइटवरून त्या फॉर्मच्या सूचनांची पीडीएफ उतरवली आणि सगळी वाचली. त्यात साफ लिहिलंय की हा फॉर्म कर खात्याला पाठवायचा नाही, जो पैसे देतो आणि कर कापतो त्याला द्यायचा. पोर्टलचं नावही त्यात नाही. पोर्टल ही त्या कंपनीने आपल्या सोयीसाठी केलेली व्यवस्था. मग कोरा फॉर्म छापला, पेनाने भरला, सही केली, सोबत पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं जोडली (माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता आहे, त्यात ‘सी/ओ’ नाही) आणि पोर्टल टाळून थेट निर्मितीसंस्थेच्या अकाउंटंटला पाठवलं. सूचनांमधला परिच्छेदही चिकटवला. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर: ‘हे चालेल.’ चहा ठेवायच्या आधी मी बँडच्या ग्रुपवर इतके संदेश टाकले की ड्रमरने ग्रुप म्यूट केला.

आता जे आठवेल ते सांगतो.

बँडच्या नावाने पैसे मागू नका. भागीदारी किंवा कंपनी असेल तर हाच फॉर्म चालत नाही; कंपनीला त्याचा थोरला भाऊ, डब्ल्यू-८बेन-ई, लागतो आणि तो आठ पानांचा आहे. आम्ही एकाच्या, म्हणजे माझ्या, नावावर घेतले आणि आपसांत कुणाचे किती टक्के ते आधीच कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. हा कागद गाणं रेकॉर्ड झालं त्याच आठवड्यात करा. नंतर प्रत्येकाला आपणच चाल बांधल्याचं आठवू लागतं.

तिकडे कापलेले १५ टक्के इथल्या करातून वळते होतात. मला त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागला. सीएला आधी सांगा, रिटर्नच्या आदल्या दिवशी नको.

मालिकेत वाजणं आणि अल्बममध्ये येणं हे दोन वेगळे परवाने. आमच्या करारात अल्बमचं कलम शेवटच्या पानावर होतं, फक्त ‘पर्याय राखून ठेवला आहे’ एवढंच. रॉयल्टीचा दर तिथे लिहिलेला नव्हता, तो एजन्सीतल्या बाईंनी भांडून लिहून घेतला. मुदत आणि माध्यमंही वाचा. ‘डॉसन्स क्रीक’ ही मालिका कितीतरी वर्षं स्ट्रीमिंगवर मूळ शीर्षकगीताविना दिसत होती, दुसरंच गाणं लावून; हक्कांच्या पैशांचा मामला. मूळ गाणं नेटफ्लिक्सवर परतलं २०२१ मध्ये. सुपरवायझर सगळी माध्यमं, कायमची, असं मागतात ते यामुळेच. मागू देत, पण किंमत तशी लावा.

आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी भारतातली संस्था, तिचं सदस्यत्व आधी घ्या. प्रत्येक एपिसोडची क्यू शीट बनते, कोणतं गाणं, कुणाचं, किती सेकंद वाजलं. प्रक्षेपणाची रॉयल्टी त्यावरून वाटली जाते. त्यात तुमचं नाव पॅनवर आहे तसंच गेलं पाहिजे.

बँकेतून फोन येईल, रक्कम कशाची म्हणून. गाण्याची म्हटलं तर पलीकडे शांतता पसरते. स्वामित्वहक्काच्या परवान्याची म्हणा, म्हणजे परदेशातून आलेले पैसे कशाचे ते सांगणारा योग्य पर्पज कोड लागतो.

आणि तो फॉर्म सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतच चालतो. अल्बमची रॉयल्टी येत राहणार असेल तर तो पुन्हा भरावा लागणार. पासपोर्टची ती दोन पानं मी स्कॅन करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत. पोर्टलकडून अजूनही अधूनमधून मेल येतो की माझा पत्ता अपूर्ण आहे. मी उत्तर देत नाही.