वाचनाची खतावणी : पाडवा ते कोजागिरी

पाडव्याला नवी वही घालताना तीन खाती उघडली होती. एक लोकविज्ञानाचे, दुसरे विनोदी रहस्यकथांचे आणि तिसरे ऐतिहासिक प्रेमकथांचे. प्रत्येक खात्यावर महिन्याला एक पुस्तक, म्हणजे कोजागिरीपर्यंतच्या सात महिन्यांत एकवीस पुस्तके, असा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात सतरा पूर्ण झाली. त्यांत आठ रहस्यकथा, पाच विज्ञानाची पुस्तके आणि चार प्रेमकथा आहेत. आणखी तीन पुस्तके अर्धवट सोडली. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात माझी पंचवीस वर्षे गेली असल्यामुळे स्वतःच्या वहीतील तफावत झाकावी असे वाटत नाही. ती कशी पडली, हे सांगण्यासाठीच ही नोंद आहे.

आधीची शिल्लक सांगितली पाहिजे. गेली दहा-बारा वर्षे मी केवळ लढायांची पुस्तके वाचत होतो. पानिपत इतक्या लेखकांच्या हातून इतक्यांदा वाचले की १४ जानेवारी १७६१ ची ती सकाळ मला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरासमोरच्या सकाळीपेक्षा अधिक ओळखीची वाटू लागली. एके दिवशी नवे म्हणून आणलेले पुस्तक निम्मे वाचून झाल्यावर ते आपण पूर्वीच वाचलेले आहे असे लक्षात आले आणि मी थांबलो. वाचनालयात तिन्ही प्रकारची पुस्तके एकदम टेबलावर ठेवली, तेव्हा तिथल्या ओळखीच्या बाईंनी सर्वांत वरचे पुस्तक उलटून पाहिले आणि विचारले, "साहेब, ह्या खेपेला प्रेमाचं पुस्तक? तब्येत बरी हाय न्हवं?"

पहिली चूक क्रमाची झाली. प्रकार तीन निवडले होते, पण कोणत्या प्रकारानंतर कोणता घ्यायचा याचा विचार केला नव्हता. आरंभ केला 'स्वामी'पासून. रणजित देसाई आमच्याच जिल्ह्यातल्या कोवाडचे आणि १९६२ साली आलेली ही कादंबरी मी तरुणपणी वाचलेली, तेव्हा ती हाताला सोपी जाईल असा अंदाज होता. वयाच्या सोळाव्या वर्षी, पानिपतानंतरच्या पडझडीत पेशवाईची वस्त्रे घेणारा माधवराव, घरातच बसलेला राघोबादादांचा विरोध, शरीर पोखरणारा क्षय आणि नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला झालेला शेवट, हे सगळे आधीपासून ठाऊक असूनही रमाबाईंच्या सहगमनापाशी मी दोन दिवस अडकलो. तरुणपणी मी हे राज्यकारभाराचे पुस्तक म्हणून वाचले होते. पन्नाशीत ते एका नवरा-बायकोचे पुस्तक म्हणून वाचले गेले. ते मिटले आणि वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी विज्ञानाचे पुस्तक उघडले. वहीत नोंद आहे : अकरा दिवस, चौदा पाने. विश्वाच्या प्रसरणाचा वेग समजून घेण्याची माझी त्या आठवड्यात अजिबात इच्छा नव्हती. पुढे दोनदा हा प्रयोग जाणूनबुजून करून पाहिला आणि दोन्ही वेळा तेच घडले. मग मध्ये एक विनोदी रहस्यकथा घालून पाहिली. तीन रात्रींत ती संपली आणि नंतर घेतलेले विज्ञानाचे पुस्तक नऊ दिवसांत हातावेगळे झाले. तेव्हापासून माझ्या वहीत शोकांतिकेनंतर थेट विज्ञान येत नाही. मध्ये खून लागतोच.

हे का होत असावे, याचा उलगडा मला गुरुत्वीय लहरींवरील, म्हणजे खुद्द अवकाशातच उठणाऱ्या तरंगांवरील, पुस्तकाने केला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील दोन शोधकयंत्रांनी एक कंप टिपला. ही ठिकाणे एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर आहेत आणि प्रत्येक यंत्राला चार-चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनात बसवलेल्या दोन भुजा आहेत. त्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. आधी लिव्हिंग्स्टनला आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदाने हॅनफर्डला, असा तो एकच कंप नोंदला गेला. म्हणजे एकमेकांना न भेटलेल्या दोन साक्षीदारांची जबानी जुळली. मात्र शास्त्रज्ञांची पहिली शंका वेगळीच होती : हा पुरावा आपल्यापैकीच कोणी पेरलेला तर नाही ना? ही शंका उगाच नव्हती. आपली परीक्षा घेण्यासाठी २०१० मध्ये मोजक्या माणसांनी यंत्रणेत गुपचूप एक खोटा संकेत घातला होता. बाकीच्यांनी त्यावर महिनोन्महिने काम करून शोधनिबंधाचा मसुदाही तयार केला आणि त्यानंतरच तो बनाव असल्याचे सर्वांसमोर उघड करण्यात आले. या वेळी तसे काही नव्हते. सगळे पुन्हा तपासून, जवळजवळ पाच महिने तोंड मिटून, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी घोषणा झाली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि तीन सूर्यांएवढ्या वस्तुमानाची ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर पडली होती.

हे प्रकरण मी रात्री साडेअकरापर्यंत वाचत बसलो, कारण मी ते रहस्यकथा म्हणूनच वाचत होतो. आदल्या आठवड्यात साक्षीदार, वेळा आणि पेरलेले पुरावे यांची सवय झालेल्या मेंदूला इथे नवीन काही शिकायचे उरले नव्हते. केवळ प्रेताच्या जागी कृष्णविवरे आली होती. असे यंत्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचे ठरले आहे, हे वाचल्यावर तर पुस्तक अधिकच जवळचे झाले.

याच खात्यावर जयंत नारळीकरांची दोन पुस्तके आहेत. त्यांचा जन्म १९३८ चा, आमच्या कोल्हापुरातला, म्हणून थोडा पक्षपात झाला असेल तर तो मान्य आहे. त्यांच्याविषयीची एक गोष्ट मात्र मी विनोदी रहस्यकथेच्या खात्यावरही टाकू शकलो असतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. स्वतःच्या नावाचे वजन काट्यावरून काढून ठेवण्याची ही रीत मला एखाद्या चाणाक्ष गुन्हेगाराची वाटते, आणि हे मी कौतुकानेच लिहीत आहे.

विनोदी रहस्यकथेचे खाते सर्वांत फुगले. तरी त्याच खात्यावर सर्वांत जास्त शोधाशोध करावी लागली. मराठीत रहस्यकथा उदंड आहे. बाबुराव अर्नाळकरांच्याच पुस्तकांची संख्या हजारावर जाते. पण ज्यात गुन्हा खरा आहे आणि हसूही खरे आहे, अशी पुस्तके बोटांवर मोजण्याइतकीच सापडली. पुष्कळदा विनोदासाठी शिपाई वेंधळा आणि शेजारीण भोचक केलेली असते आणि उकल मात्र शेवटच्या चार पानांत घाईने गुंडाळलेली असते. चांगल्या लेखकाच्या हाती विनोद हेच दुवा लपवण्याचे साधन असते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकासमोर तत्काळ ठेवलाच पाहिजे, हा त्यांपैकी एक. दुवा दाखवायचा आणि वाचकाला दिसू द्यायचा नाही, हे एकाच वेळी करायचे तर वाचक हसत असताना तो ठेवण्यासारखी दुसरी सोय नाही. मी आठपैकी सहा पुस्तकांत असाच फसलो. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांत जटायू या रहस्यकथाकाराचे पात्र येते. त्याच्या स्वतःच्या कादंबऱ्यांत माहितीच्या ढोबळ चुका असतात आणि फेलूदा त्या शांतपणे सुधारून देतो. जटायूला हसता हसता आपल्या डोक्यातल्याही दोन-तीन समजुती चुकीच्या निघतात, हा त्या वाचनाचा वरचा नफा. मराठी अनुवादांतून या कथा सहज मिळतात. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी असे मी सुचवीन.

एका अनुभवाची नोंद मात्र लाल शाईने केली आहे. एका छोट्या वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेच्या चाळिसाव्या पानावर, जिथे बंगल्यातला माळी पहिल्यांदा येतो तिथे, समासात कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते : 'हाच'. संताप आला. पुस्तक परत करावे असे मनात आले. पण एकदा नाव फुटलेच आहे, तर लेखकाने माळ्याला कसे लपवले आहे ते पाहावे, म्हणून वाचत राहिलो. एकशे बाराव्या पानावर त्याच अक्षरात 'हाच' पुन्हा दिसले, आता डॉक्टरांच्या नावापुढे. एकशे साठाव्या पानावर भाच्यापुढे. शेवटच्या पानावर, खुनी वेगळाच निघाल्यावर, 'वाटलंच होतं' असे लिहिले होते. हा वाचक कोण असेल ते ठाऊक नाही, पण त्या पुस्तकातले सर्वांत विनोदी पात्र तोच होता.

ऐतिहासिक प्रेमकथेच्या खात्यावर चारच पुस्तके जमा आहेत, कारण या खात्यावर मी सर्वांत चिकित्सक झालो आहे आणि त्याचा दोष विज्ञानाच्या खात्याकडे जातो. बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्यावर शिलाहार राजा दुसरा भोज राज्य करत होता. त्या काळात घडणारी एक कथा मी मोठ्या आशेने घेतली. गड आपला, वाटा पायाखालच्या, सज्जाकोठीवरचा वारा अंगावर घेतलेला. लेखकाने नायिकेच्या दागिन्यांवर आणि वस्त्रांवर मेहनतही बरीच घेतली होती. पण नायक आडवाटेने घोडा दौडवत येतो, तेव्हा नायिका चुलीपुढे बसून त्याच्यासाठी हिरव्या मिरच्यांचा ठेचा वाटत असते. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आणि आपल्याकडे ती पोर्तुगिजांबरोबर आली. वास्को द गामाच कालिकतला पोहोचला १४९८ साली. त्या आधीच्या तीनशे वर्षांत कोल्हापूरकरांना तिखटासाठी मिऱ्यांवर आणि आल्यावर भागवावे लागत होते, ही कल्पना इथल्या माणसाच्या पचनी पडणे अवघड आहे हे मी समजू शकतो. लेखकाच्याही ती पडली नसावी. तरी त्या वाटणाच्या पानानंतर नायिकेचे अश्रू मला खरे वाटेनात. ते मिरचीचेच वाटू लागले. पुस्तक पूर्ण वाचले, कारण विरहाचा भाग उत्तम होता, पण गुण कापले.

याउलट ना. सं. इनामदारांची 'राऊ' मी जवळजवळ एका बैठकीत वाचली. बाजीराव आणि मस्तानी यांच्याबद्दल पक्की माहिती थोडी आणि दंतकथा फार. अशा ठिकाणी कादंबरीकाराने मोकळ्या जागा कशा भरल्या आहेत, हे पाहणे हाच माझ्या दृष्टीने वाचनाचा आनंद असतो. बाजीरावाचा मृत्यू एप्रिल १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला झाला, ही कागदोपत्री असलेली गोष्ट. तिथवर जाणारी मनाची वाट लेखकाची. ज्ञात आणि कल्पित यांच्यातला हा सांधा जिथे सफाईने बसतो, तिथे माझ्यातला हिशेबतपासनीस आपोआप गप्प होतो.

जुलैबद्दल थोडे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा रेषा ओलांडून ४३ फुटांच्या धोक्याच्या रेषेकडे निघाली की कोल्हापुरात माणसे दर तासाला फूट आणि इंच विचारत असतात. लांबलचक वाक्ये वाचायला कोणाचे चित्त ठिकाणावर नसते. त्या आठवड्यांत केवळ रहस्यकथाच वाचल्या गेल्या, आणि आठाचा आकडा मुख्यतः तिथून आला आहे. हवेतल्या ओलीने दोन पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटली. त्यांत वर्तमानपत्राचे कागद घालून आठ दिवस वजनाखाली ठेवली तेव्हा ती सुटली. ओली पाने उन्हात किंवा इस्त्रीने वाळवू नयेत. ती वाकडी होतात, हे मी एका पुस्तकाची किंमत मोजून शिकलो आहे.

अर्धवट सोडलेल्या तीन पुस्तकांपैकी दोन विज्ञानाची होती. दोन्हींत प्रत्येक पारिभाषिक शब्द संस्कृतात घडवला होता, पण एकाही शब्दाचा अर्थ उदाहरणाने उलगडला नव्हता. तिसरी प्रेमकथा होती आणि तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

यावरून निवडीची पद्धत बदलली आहे. पूर्वी मी मलपृष्ठ वाचून पुस्तक घेत असे. आता वाचनालयात उभ्या उभ्या विज्ञानाच्या पुस्तकातले मधलेच एखादे प्रकरण उघडतो आणि एका पानात निदान एक तरी ओळखीची वस्तू सापडते का ते पाहतो. भांडे, दोरी, सायकल, काहीही चालते. रहस्यकथेचे पहिले प्रकरण पूर्ण वाचतो आणि एकदाही हसू आले नाही तर ती परत ठेवतो. ऐतिहासिक कथेत स्वयंपाकघराचा प्रसंग शोधतो. दरबार कोणालाही लिहिता येतो, पण चुलीवर काय शिजत होते हे ज्याने शोधले आहे, त्याने बाकीचेही शोधलेले असते.

दिवाळीपर्यंतचा बेत असा आहे : मोसमी पावसावरचे एक पुस्तक सुरू आहे, एकसष्ट पाने झाली आहेत. त्याच्यामागे एक रहस्यकथा तयार आहे. तिसरी जागा 'स्वामी'च्याच पुन्हा एका वाचनासाठी ठेवली होती, कारण मला आता त्यातली घरगुती पाने सावकाश वाचायची आहेत. पण ती प्रत श्रावणात आत्याबाईंनी नेली. परवा मागायला गेलो, तर म्हणाल्या, "थांब की जरा. माधवराव अजून बरा आहे, तेवढ्यातच ठेवलंय मी. पुढचं वाचणार नाही." आणि पुस्तक देवघराशेजारच्या फडताळात खूण घालून बंद करून ठेवले आहे.