घरचं माणूस घेऊन या

मानसिक आजारासाठी दिव्यांगत्वाचा दाखला काढायला बाई एकटीच गेली, तर खिडकीवरचा पहिला प्रश्न असतो, "पेशंट कुठं आहे?" मी म्हटलं, मीच. समोरच्या गृहस्थांनी आधी माझ्या इस्त्रीच्या कुर्त्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे. मागे रांग होती, माझं कुणी नव्हतं. "बरोबर कोण आलंय?" कोणी नाही. "मग घरचं माणूस घेऊन या. नेक्स्ट."

त्या खिडकीचं आणि त्या रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. माझा राग तिथल्या एका माणसावर नाही, या एका वाक्यावर आहे. या वाक्यापायी माझं अख्खं वर्ष गेलं.

बाकीची प्रक्रिया सोपी आहे, तेव्हा ती आधी उरकते. दाखला आणि कार्ड, दोन्हींसाठी अर्ज एकच: स्वावलंबन कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं, सरकारी पोर्टल. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, उपचाराचे कागद. आजारांच्या यादीतून आपला प्रकार निवडायचा. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात असे 21 प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे. रुग्णालय निवडायचं, नोंदणी क्रमांक जपून ठेवायचा, संपलं. सहीबद्दल मात्र एक सांगते. मी बरीच वर्षं लिथियम नावाच्या औषधावर आहे आणि माझा हात थरथरतो. पॅनकार्डावरची सही आणि आजची सही बहिणी-बहिणी वाटतात, जुळ्या नव्हे. पोर्टलवर सहीच्या जागी अंगठा चालतो. मी अंगठाच दिला. शिकलेली बाई अंगठा देते म्हणून सायबर कॅफेतला मुलगा हसला, हसू दे.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं. दहा वर्षांच्या वर झाली. गोव्यात फोंड्याजवळ भाड्याच्या खोलीत एकटी राहते, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेबखात्यात काम करते. म्हणजे सध्या करते. मधे दोन नोकऱ्या गेल्या, त्या कशा गेल्या ते इथे नको. आई-बाबा नाहीत, भाऊ बोटीवर. वर्षातले बरेच महिने तो समुद्रात कुठेतरी असतो आणि त्याच्या फोनला रेंज मिळते तेव्हा इथे मध्यरात्र असते. "घरचं माणूस" या दोन शब्दांत माझ्या वाट्याला एवढंच येतं.

घरचं माणूस हवं कशाला, ते आधी सांगते, कारण मागणी अगदीच वेडगळ नाही. मानसिक आजाराची टक्केवारी 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर काढतात. त्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. आजार किती वर्षं आहे त्याचे वेगळे गुण मिळतात. सगळे मिळून 20, आणि 7 झाले की 40 टक्के सुरू होतात. 40 च्या खाली दाखला मिळाला तरी बहुतेक सवलतींना तो उपयोगी नाही. हे गुण देताना डॉक्टर रुग्णाशी बोलतात, जुने कागद बघतात आणि रुग्णाला रोज पाहणाऱ्या माणसालाही विचारतात. बरोबरच आहे. मी चढावर असते तेव्हा मला विचाराल तर माझ्याइतकी ठणठणीत बाई गोव्यात नाही. उतारावर असते तेव्हा मी उत्तरच देणार नाही. तिसरं कोणीतरी लागतंच.

पण रोज पाहणारं माणूस आणि घरचं माणूस या दोन गोष्टी खिडकीवर एक करून टाकल्या होत्या. मी म्हटलं, खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते, ती मला दिवसातून चार वेळा बघते, तिला आणते. "शेजारी चालत नाहीत. रक्ताचं नातं पाहिजे." कुठल्या नियमात लिहिलंय? "नियम नाही, पद्धत आहे." नियम असेल तर तो बदलायचा अर्ज तरी करता येतो, पद्धतीविरुद्ध काय करायचं? मागे उभ्या एका बाईने मला कोपराने ढोसलं, "बाय, कोणाक तरी हाड गो, मावशेक हाड." कोणाला तरी आण, मावशीला आण. तिलाही उशीर होत होता.

म्हणून मावशीला आणलं.

मावशी साखळी गावची. माझ्यावर तिचा जीव आहे, यात शंका नको. पण मी तिला चतुर्थीला, लग्नकार्यात आणि कोणी गेलं की भेटते. मी तिला बसमध्ये सगळं समजावलं: झोपेचं सांग, नोकऱ्यांचं सांग, मी फोन उचलत नाही ते सांग. ती हो हो म्हणत होती. ठेवणीतली साडी नेसली होती, केसांत अबोलीचा वळेसर. खोलीत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ही घरात काय काय करू शकते? मावशीने पदर सावरला आणि म्हणाली, "आमची चली एकदम बरी आसा, दोतोर. सगळें करता. चवथीक माटोळी तीच बांदता, एकटी! अशी माटोळी आख्ख्या वाड्यार कोणाची ना."

खरं होतं ते. त्या वर्षी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट, मीच बांधली होती. आदल्या रात्री डोळा लागला नव्हता, त्याच्या आदल्या रात्रीही नाही. माटोळीच्या बाजारातून मी घुडयो, कांगल्यो, माट्टुलां, जे दिसेल ते उचललं होतं, पगारातले निम्मे पैसे उडवले होते, आणि शेजारच्या दोन घरांच्याही माटोळ्या बांधायला निघाले होते. मावशीने माटोळी पाहिली. विसर्जनानंतर मी खोलीचं दार लावून घेतलं आणि महिनोन्‌महिने नीट जेवले नाही, ते तिने पाहिलं नाही. ती तेव्हा साखळीला होती. जे पाहिलं ते तिने सांगितलं. शिवाय बहिणीच्या मुलीला चारचौघांत वेडी कशी म्हणायची? त्या खोलीत मावशी घराची अब्रू राखत होती आणि मी तिथे माझी टक्केवारी गमावत होते.

मी मध्ये बोलायला गेले तर डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलू द्या. त्यांनाही दोष देत नाही, बाहेर पन्नास माणसं होती. दाखला आला तो 40 च्या खालचा. मावशीला अजून वाटतं की त्या दिवशी काम तिच्यामुळे झालं. तिने देवाला नारळही दिला.

इथे एक आडवं सांगते. या दिवसांत मला सल्ले फार मिळाले. त्यातला सगळ्यात लोकप्रिय होता, "तपासणीला जाताना केस विंचरू नको, दोन दिवस अंघोळ करू नको." मी ते केलं नाही आणि कोणी करावं असं मला वाटत नाही. आजारी दिसणं वेगळं आणि आजारी असणं वेगळं. माझ्या आजाराला दाखला हवा होता, माझ्या केसांना नको होता. इस्त्रीचा कुर्ता घालून मी दोन्ही वेळा गेले.

दाखला नाकारला किंवा टक्केवारी पटली नाही तर कलम 59 खाली अपील करता येतं. हे मला कोणी सांगितलं नाही, मी कायदा वाचला. तुम्हीही वाचा, फार मोठा नाही. आणि नकार असेल तर तो लेखी मागा. तोंडी "होत नाही" ऐकून घरी जाऊ नका, तोंडी नकारावर अपील कशाच्या जोरावर करणार?

अपिलाबरोबर मी माझ्या डॉक्टरांचं पत्र जोडलं. "अमुक वर्षांपासून उपचार सुरू" असं एका ओळीचं पत्र कामाचं नाही. माझ्या डॉक्टरांनी तारखांसकट लिहिलं: कधी चढाव, कधी उतार, कधी रुग्णालयात भरती, कुठली नोकरी कुठल्या महिन्यात गेली, किती दिवस स्वतःचं जेवण केलं नाही. मोजपट्टीतल्या त्या चार गोष्टी समोर ठेवून पत्र मागा. डॉक्टरांना वेळ नसतो, तेव्हा कच्चा मसुदा आपणच तारखा घालून न्यावा. मी औषधांची बिलंही लावली, कारण औषध थांबलेल्या महिन्यांची बिलं नव्हती, आणि ती नसणंच बोलत होतं. शेवटी एक परिच्छेद लिहिला: माझ्याबरोबर राहणारे रक्ताचे नातेवाईक नाहीत, मला रोज पाहणारी व्यक्ती घरमालकीण आहे, तिचं म्हणणं ऐकून घ्यावं, ऐकायचं नसल्यास कोणत्या नियमाने ते लेखी कळवावं.

त्यानंतर शांतता. पूर्वी वैद्यकीय प्राधिकाऱ्याला दाखल्यासाठी एक महिन्याची मुदत होती, ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. मुदत वाढवली म्हणून काम वेळेत होतं असं नाही, उशीर अधिकृत होतो एवढंच. पाऊस सुरू झाला. मी दर सोमवारी फोन करायचे आणि फाईल "वर" गेलेली असायची. या काळात माझा एक उतार आला, तेव्हा रात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर बोलले. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. दाखल्याच्या कामात आपण आजारी पडू शकतो हे धरूनच चाला, सगळी कागदपत्रं एका फाईलमध्ये लावून कोणाला तरी दाखवून ठेवा.

मग एके दिवशी बोलावणं आलं. "बरोबर माहितगार व्यक्ती आणावी" असं त्यात होतं. नातेवाईक नाही, माहितगार व्यक्ती! तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

घरमालकीण सत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले. तिला बस झेपणार नव्हती म्हणून टॅक्सी केली. गोव्यात टॅक्सीचं भाडं म्हणजे काय ते लिहायला नको. मी तिला वाटेत काहीही शिकवलं नाही. तिनेच विचारलं, "कितें सांगूं?" मी म्हटलं, जे दिसतं ते.

या वेळच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण यांच्या? "कोणूय न्हय. हांव सकयल रावतां," ती म्हणाली. कोणी नाही, खाली राहते. आणि मग सांगत गेली. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी पिशवीत पाव घालून दाराच्या कडीला लावून जातो. मी बरी असले की सातच्या आत पिशवी आत जाते. बरी नसले की पिशवी तशीच. दुसऱ्या दिवशी दुसरा पाव त्याच पिशवीत, तिसऱ्या दिवशी पोदेरच तिला विचारतो, वरच्या बाय गावाला गेल्या का? मग ती वर जेवण पाठवते आणि ताट तसंच परत येतं. उलटं असतं तेव्हा रातभर लायट, पहाटे तीनला बाल्कनी धुतल्याचं पाणी तिच्या पायऱ्यांवर. एकदा भांडं करपून धूर झाला, तेव्हा दार तिच्या मुलाने उघडलं. मी भाडं तीन महिने दिलं नाही ते कधी, आणि एकदा सहा महिन्यांचं आगाऊ दिलं ते कधी, हेही तिने सांगितलं. ती परीक्षा द्यायला आली नव्हती, तक्रार करायलाही नाही. मला लाज वाटली आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदम. डॉक्टर लिहीत होत्या.

पिवळी पट्टी असलेलं कार्ड आलं. 40 ते 79 टक्क्यांचं कार्ड पिवळं असतं, 40 च्या खालचं पांढरं, 80 आणि त्यावरचं निळं. कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, पण पोर्टलवरून ते आधीच उतरवून घेता येतं, पोस्टमनची वाट बघत बसू नका.

आता उपयोगाचं. आयकराच्या जुन्या पद्धतीत (1961 च्या कायद्यात कलम 80यू) दिव्यांगांना 75,000 रुपयांची वजावट मिळते, 80 टक्क्यांपासून पुढे 1,25,000. नव्या पद्धतीत ती नाही, तेव्हा हिशेब दोन्हीकडून करून बघा. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांतला 1 टक्का आमचा, पण तो एकट्याचा नाही, स्वमग्नता, बौद्धिक आणि शिकण्याच्या अडचणी, बहुदिव्यांगत्व हे सगळे त्याच एका टक्क्यात. रेल्वेच्या सवलतीत मानसिक आजार नाही. मडगावच्या तिकीटखिडकीवर उगाच भांडू नका. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मासिक मदतीसाठी 15 वर्षांचा रहिवासाचा दाखला लागतो आणि नंतर दर वर्षी हयातीचा. ज्यांचं उत्पन्न नाही त्यांनी आधी मामलेदार कचेरीचं ते काम सुरू करावं, तो कागद मिळायलाही दिवस जातात.

आणि दाखला हातात आला की पहिल्यांदा त्यावर 'तात्पुरता' लिहिलंय का ते बघा. माझ्यावर आहे. म्हणजे मुदत संपायच्या आत पुन्हा अर्ज, पुन्हा तीच खिडकी. घरमालकिणीला मी आत्ताच विचारून ठेवलंय. ती म्हणाली, टॅक्सी एसीची कर.