जळालेली मोटर आणि नियोजन आयोग

२०१७ च्या मे महिन्यात माण तालुक्यातल्या एका गावात कामांच्या तपासणीला गेलो होतो. साताऱ्यात जिल्हा नियोजनाचं काम करतो. जिल्हा वार्षिक योजनेतली कामं कागदावर आहेत तशी जागेवर आहेत का, हे बघायचं आणि अहवाल द्यायचा. आरोग्य उपकेंद्राची इमारत अगदी कागदाबरहुकूम होती. फरशी, रंग, मोजमापं सगळं जुळलं. फक्त दाराला कुलूप होतं.

सिस्टर ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत लसीकरण करत होत्या. म्हणाल्या, "बोअरची मोटर जळालीय. पाण्याशिवाय बाळंतपण कसं करायचं, सर?" शेजारी एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी मला सरळच विचारलं, "इमारत बांधायला पैसं होतं, मग मोटर भरून आणायला कसं न्हाईत?"

उत्तर मला माहीत होतं, पण ते सांगताना जड गेलं. वर्षानुवर्षं आपला सरकारी खर्च योजना आणि योजनेतर अशा दोन कप्प्यांत विभागलेला होता. नवी इमारत योजनेत बसे. तिची डागडुजी, वीजबिल, तिथल्या माणसाचा पगार योजनेतर. आढावा बैठकीत योजनेचा खर्च किती झाला हे विचारलं जाई, आणि काटकसरीची वेळ आली की कात्री आधी योजनेतरवर चाले. नवं बांधलं तर विकास आणि जुनं सांभाळलं तर नुसता खर्च, ही समजूत त्यातूनच पक्की झाली. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात ती माणसांच्या जिवावर बेतते. हा भेद मोडा, असं सरकारी खर्चाचा अभ्यास करणाऱ्या रंगराजन समितीने २०११ मध्येच सुचवलं होतं. तो मोडला २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून, म्हणजे आमच्या या भेटीच्या जेमतेम महिनाभर आधी. राज्याच्या कागदांवर आता 'कार्यक्रम खर्च' आणि 'अनिवार्य खर्च' असे शब्द आले होते. मोटर मात्र अजून जळालेलीच होती.

गुरुजी पेपर वाचणारे. "दिल्लीतला नियोजन आयोगच गुंडाळला की. आता ह्या नीती आयोगाकडं अर्ज करायचा का?"

मी नियोजन आयोगाच्या विरोधातला माणूस नाही. पंचवार्षिक योजना आखणारा हा आयोग १९५० मध्ये मंत्रिमंडळाच्या एका ठरावाने उभा राहिला. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्याचे उपाध्यक्ष होते, आणि राज्यांना केंद्राची मदत मर्जीने नव्हे, सूत्राने मिळावी, हा आग्रह गाडगीळ सूत्रात उतरला. त्यात साठ टक्के भार लोकसंख्येला होता. ते मोठंच काम. पण १ जानेवारी २०१५ ला आलेल्या नीती आयोगाच्या हातात वाटायला पैसा नाही. तो सल्ला देतो. पैशाची वाट बदलली ती केंद्र आणि राज्यांतली करांची वाटणी सुचवणाऱ्या चौदाव्या वित्त आयोगाने. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर गेला आणि ग्रामपंचायतींना थेट अनुदान सुरू झालं.

हे गुरुजींना सांगितलं आणि ग्रामसेवकांना हे अनुदान कशावर खर्च करायचं ते ठरवणारा 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा काढायला लावला. त्यात पेव्हर ब्लॉक होते, गावाची कमान होती. उपकेंद्राचं नावही नव्हतं. मग खोलीत चांगलीच वादावादी झाली. सरपंचबाई आधी गप्प होत्या. बाळांना लस टोचून घ्यायला आलेल्या दोन लेकुरवाळ्या बायका बोलायला लागल्या, तशा त्याही बोलल्या, "कमान पुढच्या साली करू. आधी पाणी."

पुढच्या ग्रामसभेत तसा ठराव झाला. मोटर भरून आली आणि कुलूप निघालं. माझ्या अहवालात मी काम पूर्ण असल्याचं लिहिलं आणि खाली शिफारस जोडली: यापुढे इमारतीचा प्रस्ताव घेतानाच तिच्या पाण्याचा, विजेचा आणि दुरुस्तीचा खर्च कोण, कुठून करणार, हे लेखी घ्यावं. त्यासाठी मी आजही प्रत्येक प्रस्तावावर अडून बसतो.